ज्यांच्या घरी वही नाही

गेल्या डिसेंबरात माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि तिच्यासाठी ब्रायडल शॉवर करायचा म्हणून आम्ही सहा जणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. मिरजोळ्यात ब्रायडल शॉवर म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. आमच्या घरातही आलं. आजीला वाटलं, आम्ही नवरीच्या न्हाणीघरात शॉवर बसवून देतोय. पण मिरजोळे म्हणजे काही आडबाजूचं गाव नाही. रत्नागिरी शहर अगदी लागून आहे, एमआयडीसी तर गावातच आहे, आणि रील्स जशी तुमच्याकडे येतात तशीच आमच्याकडेही येतात.

खर्च किती करायचा यावर पोल टाकला. टाकला मीच. १०००, १५०० आणि २००० असे तीन पर्याय होते. चार मतं १५०० ला पडली, एक २००० ला. सहावं मत आलंच नाही. दोन दिवस वाट पाहून मी ‘सगळ्यांचे १५०० फायनल’ असं लिहिलं आणि खाली क्यूआर कोड टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सहावी मैत्रीण ग्रुपमधून बाहेर पडली होती. करड्या अक्षरातली ती एक ओळ मी वाचली आणि तिच्याखाली फुग्यांच्या रंगाची चर्चा सुरू राहिली. मी तिला वेगळा मेसेज केला, ‘अगं काय झालं?’ दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘काही नाही, रेंज नव्हती.’

ती एमआयडीसीत मासळीच्या पॅकिंगला जाते. कंत्राटी काम, रोजावर पैसे. १५०० म्हणजे तिची तीन दिवसांहून जास्त हजेरी, तीही थंडगार पाण्यात हात घालून दिवसभर उभं राहून. मी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. माझे १५०० एका रात्री मोबाईलवर कपडे बघता बघता जातात. आकडा दोघींना एकच होता. सारखी वर्गणी म्हणजे न्याय, हे शाळेच्या सहलीपासून आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पोल टाकताना माझ्या मनात काहीच आलं नाही. उलट आपण किती लोकशाहीने वागतोय असंच वाटत होतं.

भेटवस्तूवर किती खर्च करावा, याचे सल्ले नेटवर भरपूर मिळतात. जवळची मैत्रीण असेल तर इतके, ऑफिसातली असेल तर तितके. आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय नियम तर ताटाचा. हॉलमध्ये एका ताटाला किती पडत असतील याचा अंदाज बांधायचा आणि निदान तेवढे तरी पाकिटात घालायचे. घरातले चौघं जाणार असतील तर गुणिले चार. म्हणजे तुम्ही लग्नाला गेला नाहीत, खानावळीत गेलात आणि बिल चुकतं करून आलात. या सगळ्या नियमांत एक गोष्ट समान आहे. देणाऱ्याच्या खिशात काय आहे, हे कुणीच विचारत नाही.

शॉवरचं मी आजीला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे केळवणच की.” तसं बघितलं तर बरोबर आहे. लग्न ठरलं की नातेवाईक आणि शेजारी नवऱ्यामुलीला किंवा मुलाला जेवायला बोलावतात, काहीतरी हातावर ठेवतात. काही घरांत त्याला गडगनेर म्हणतात. हल्ली केळवणही फोटोसाठीच होतं म्हणा; केळीच्या पानाभोवती झेंडूची महिरप, मागे नावाची पाटी, आणि भात थंड होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पण जुन्या केळवणात एक सोय होती. प्रत्येक घर आपापल्या परीने करायचं. कुणाकडे पुरणपोळी, कुणाकडे वरणभात आणि शेवयांची खीर. कुणी साडी द्यायचं, कुणी ब्लाउजपीस आणि नारळ. दोन केळवणं शेजारी शेजारी मांडून बघायची वेळ यायची नाही, कारण ती वेगळ्या दिवशी वेगळ्या घरात व्हायची. आम्ही सहा केळवणांचं एक केलं आणि त्याला तिकीट लावलं.

पुढे आजीने विचारलं, “पाकीट किती घालणार तिला? वही काढ नि बघ, त्यांनी आपल्या दादाला काय केलं होतं.”

आहेराची वही आपल्यातल्या अनेकांनी बघितलेली असते आणि मनातून तिचा थोडा रागही केलेला असतो. आमच्या घरात अशा तीन आहेत. १९९८ ची माझ्या आईबाबांच्या लग्नाची, २००६ ची धाकट्या काकांची, आणि २०२१ ची आमच्या चुलत दादाची. मोठ्या काकांची होती, ती वाळवीने खाल्ली. लाल पुठ्ठ्याची चोपडी, पहिल्या पानावर श्री गजानन प्रसन्न, खाली नाव, गाव, रोख, वस्तू असे रकाने. मांडवाच्या दाराशी टेबल टाकून एक हिशेबी काका आणि एक बरं अक्षर असलेला पोरगा बसवायचा. पाकीट आलं की फोडायचं, मोजायचं, लिहायचं. समोरच, लपवाछपवी नाही.

मला लहानपणी याची लाज वाटायची. प्रेमाने दिलेल्याचा हिशेब काय ठेवायचा? आणि लाज वाटायला मोठमोठे आधार आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाच्या तीन जाती सांगितल्या आहेत. परतफेड करू शकणार नाही अशा माणसाला, द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीवर डोळा ठेवून, किंवा जड मनाने दिलेलं ते राजस. या मापाने मोजलं तर आमच्या तिन्ही वह्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत राजस आहेत. वही ठेवायचीच मुळी परतफेडीसाठी.

पण आहेर हे दान आहे का, हाच प्रश्न मला अलीकडे पडायला लागलाय. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध लिहिला. जगभरातल्या समाजांची उदाहरणं घेऊन, त्यात महाभारतातला दानधर्मही आला, त्याने दाखवलं की भेट कधीच सुटी नसते. देणं बंधनकारक, घेणं बंधनकारक आणि परत करणंही बंधनकारक. या तीन बंधनांनी माणसं एकमेकांना बांधलेली राहतात. डेव्हिड ग्रेबरने कर्जाच्या इतिहासावरच्या २०११ च्या पुस्तकात नायजेरियातल्या तिव लोकांचा एक किस्सा सांगितलाय. तिथे राहायला गेलेल्या एका मानववंशशास्त्रज्ञ बाईला शेजारणींनी काही काही आणून दिलं. मग दोघींनी तिला रीत शिकवली की प्रत्येकीला काहीतरी परत द्यायचंच, मात्र अगदी तेवढंच द्यायचं नाही. थोडं जास्त किंवा थोडं कमी. बरोबर तेवढंच परत केलं तर त्याचा अर्थ, मला तुझ्याशी यापुढे संबंध नको.

हे वाचलं तेव्हा मला पाकिटावर चिकटवलेला एक रुपया आठवला. राम आळीत पाकिटं घ्यायला गेलात तर रुपयाचं नाणं चिकटवलेलीच मिळतात. शंभर नाही, एकशे एक. पाचशे नाही, पाचशे एक. शुभ असतं म्हणतात. आजीचं म्हणणं, शून्यावर संपवायचं नाही. वरचा रुपया पुढच्या वेळचा. कुठे नायजेरिया आणि कुठे मिरजोळे, पण हिशेब पूर्ण मिटू द्यायचा नाही ही अक्कल दोन्हीकडे आहे. आणि हिशेब मिटू द्यायचा नसेल तर तो लिहून ठेवायला लागतो.

१९९८ ची वही मी त्या दिवशी नीट वाचली. कोकण रेल्वे नुकतीच पूर्ण मार्गावर धावायला लागली होती, मुंबईचे चाकरमानी मे महिन्यात हजर होते. त्यांचे आकडे १०१, १५१. वाडीतल्या लोकांचे २१, ११. एका ठिकाणी ‘५ रु. व नारळ’, एका ठिकाणी ‘तांदूळ २ पायली’. रोख नसेल तर स्टीलचे डबे, कळशी, सहा पेल्यांचे संच. त्या डब्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरलेली आहेत आणि ते अजून आमच्या स्वयंपाकघरात आहेत. आई तांदूळ काढताना डब्याचं नाव घेत नाही, देणाऱ्याच्या घराचं घेते. बाबांनी सांगितलं की मांडववाल्याचे आणि आचाऱ्याचे राहिलेले पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी या पाकिटांतूनच दिले. त्या वेळी त्यांना तेवढ्यासाठी कुठल्या बँकेने दारात उभं केलं नसतं. घाटावर शेतीच्या कामात ज्याला सावड किंवा पैरा म्हणतात, तुझ्या शेतात आज सगळे, माझ्या शेतात उद्या सगळे, त्यातलाच हा प्रकार. फक्त पैशांचा, आणि बिनव्याजी.

मला सर्वांत जास्त आवडलं ते हे की ५ रुपयांना आणि १५१ रुपयांना वहीत ओळ एकेकच आहे. नाव, गाव, रक्कम. ५ वाल्याला कुणी ‘मिनिमम ११’ असं म्हटलं नाही. आमच्या पोलमध्ये १००० च्या खाली पर्यायच नव्हता.

आता वहीचं फार कौतुक करायला नको. काही लग्नांत आहेर माईकवरून पुकारतात, आणि ‘अमुक यांजकडून अकरा रुपये’ हे अख्ख्या मांडवाला ऐकवण्यात कसली आलीय समानता? मानपानाच्या साड्यांवरून आयुष्यभर बोलणं टाकलेली घरं प्रत्येक गावात आहेत. ‘घरचा आहेर’ हा शब्द आपण टोमण्यासाठी वापरतो, तो काही उगाच नाही. आणि ब्लाउजपीस! मालिनोव्स्कीने १९२२ साली पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवरच्या कुला नावाच्या चक्राचं वर्णन केलं, त्यात शंखशिंपल्यांचे हार एका दिशेने आणि कंकणं उलट्या दिशेने बेटाबेटांतून वर्षानुवर्षं फिरत राहतात, कुणीच कायमची ठेवून घेत नाही. आमच्याकडे ते काम ब्लाउजपीस करतो. आजीने एकदा एका मोरपंखी पिसाच्या कोपऱ्यावर निळ्या पेनाने बारीक टिंब काढून ठेवलं होतं. चार वर्षांनी ते टिंब हळदीकुंकवाला परत आलं. आजी इतकी खूश झाली की दिवसभर सांगत होती.

परतफेड कशी मोजायची हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मैत्रिणीच्या आजोबांनी १९९८ साली आमच्याकडे ५१ रुपये केले होते. तेव्हा दहा ग्रॅम सोनं चार हजारांच्या आसपास होतं, आता लाखाच्या वर गेलंय. सोन्याने मोजलं तर ५१ चे तेराशेच्या वर होतात. किरकोळ महागाईने मोजलं, म्हणजे सुमारे पाच पट धरलं, तर अडीचशे. मी हे कॅल्क्युलेटरवर करून आजीला दाखवलं. तिने बघितलंही नाही. म्हणाली, “आकडा वहीत बघायचा गो, पण किती द्यायचं ते त्यांच्या घराकडे बघून ठरवायचं.”

मग तिने २००६ च्या वहीतलं एक नाव दाखवलं. २१ रुपये. तीन वर्षांनी त्या घरातलं लग्न आलं तेव्हा आजीने ५०१ आणि साडी केली. का, तर मधल्या काळात मुलीचा बाप गेला होता. त्या घरच्या बाईने पाकीट बघून विचारलं, एवढं कशाला? आजी म्हणाली, वाढवून परत करतेय. तिकडेही त्यांच्या वहीत ५०१ लिहिलं गेलं असणार, आणि त्या बाईला कुणाची मदत घेतल्यासारखं वाटलं नसणार. एकवीसच्या जागी पाचशे एक, आणि तरीही तो आहेरच. वहीमुळे आजीला मदत लपवता आली.

लग्नातल्या देण्याघेण्याबद्दल कायदाही काही बोलतो आणि तो या बाबतीत माझ्या पोलपेक्षा शहाणा आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात न मागता दिलेल्या भेटींना मुभा आहे, पण नवरीकडून किंवा तिच्या नातेवाइकांकडून दिलेल्या भेटी रिवाजातल्या हव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नकोत. ऐपत देणाऱ्याची. शिवाय १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात आलेल्या भेटींची यादी करायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली सही. अशी यादी केलेलं एकही घर मी बघितलेलं नाही, वही केलेली सगळी घरं बघितली आहेत. यादी भांडण झालं तर काढायची, वही पुढचं लग्न आलं की काढायची.

इथपर्यंत मी वहीच्या बाजूला झुकले होते. मग तिन्ही वह्यांत एकाच माणसाचं नाव दिसलं. आमच्या चुलत आत्याचं. ती वाडीतच, चार घरं सोडून राहते. शिवणकाम करते. १९९८: ‘५१ रु. व शिवलेला ब्लाउज’. २००६: १०१ रुपये. २०२१: ५०१ रुपये. वाडीतल्या इतर घरांच्या वह्या मी बघितल्या नाहीत, पण त्यांतही ती असणारच, बारशाला, मुंजीला, साखरपुड्याला ती कुठे गेली नाही असं झालेलं नाही. तिचं लग्न झालं नाही. आधी वडिलांचं आजारपण, मग आई म्हातारी, मग वय. तिच्या घरी वही नाही, कारण वही उघडायचा प्रसंगच तिच्या घरात आला नाही.

सावडीत प्रत्येकाच्या शेताची पाळी येते म्हणून सावड न्याय्य. इथे काहींची पाळी कधीच येत नाही, पण दुसऱ्याच्या शेतात जाणं त्यांना चुकत नाही. प्रसंगांची यादी करून बघा. साखरपुडा, केळवण, लग्न, डोहाळजेवण, बारसं, मुंज, मग त्या मुलांची लग्नं. एकदा लग्नाच्या दारातून आत गेलं की पुढे पाकिटांची रांगच आहे. जे आत गेले नाहीत ते आयुष्यभर टेबलाच्या अलीकडे उभे राहून नाव सांगत राहतात. तुमच्यातल्या ज्यांनी लग्न न करायचं ठरवलंय, किंवा ज्यांच्या जोडीला अजून कायदा लग्न म्हणत नाही, त्यांना हे मी सांगायला नको.

आणि २०२१. दादाचं लग्न मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झालं. तेव्हा राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध होते, लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, जास्त झालं तर पन्नास हजार दंड. पंचविसांत आत्याचं नाव बसलं नाही. मुलीकडचे बारा, आमचे बारा आणि भटजी. आत्याने ५०१ चं पाकीट माझ्या हातात देऊन पाठवलं. त्या वर्षी बहुतेकांचा आहेर गूगल पेवर आला, आणि ते सगळं दादाने बसून वहीत उतरवलं, कारण आजीचा मोबाईलवर विश्वास नाही. मांडवाचा खर्च नाही, जेवणावळ नाही, त्यामुळे पैसे घरातच राहिले. त्यानंतर १६ मे रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. आत्याच्या पडवीचे पत्रे उडाले, आतल्या खोलीची निम्मी कौलं फुटली, शिवणाचं मशीन भिजलं.

बाबा आणि वाडीतली पोरं ताडपत्री घेऊन लगेच गेली. दोन दिवस राबली. आईने आठ दिवस डबा दिला. पण आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात तेव्हा पाकिटांतले पैसे पडलेले असताना एक पाकीट तिच्या घरी न्यावं, हे आमच्यातल्या कुणाच्याही मनात आलं नाही. कंजूषपणा म्हणून नाही. तशी रीतच नाही. लग्नाला पाकीट नेतात, पत्रे उडाल्यावर नेत नाहीत. नेलं असतं तर ती मदत झाली असती, आणि आत्याने ती घेतली नसती. नवे पत्रे तिने पतसंस्थेचं कर्ज काढून घातले. पुढच्या वर्षी घर नीट झाल्यावर सत्यनारायण घातला. आम्ही सगळे गेलो. प्रसाद खाल्ला, तबकात दहा-दहा रुपये टाकले, कारण पूजेच्या तबकाचा दर दहा रुपये आहे.

आयकराचा नियमही असाच आहे, म्हणजे ही काही फक्त मिरजोळ्याची खोड नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट मिळाली तर ती उत्पन्नात धरतात, मात्र स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटींना सूट आहे. छप्पर गेलं म्हणून चार मैत्रिणींनी वर्गणी काढली तर सूट नाही. लग्नावर आपला सगळ्यांचाच फार विश्वास.

जानेवारीत मी आत्याकडे गेले. ब्लाउज टाकायला गेले असं सांगितलं. बोलता बोलता वहीचा विषय काढला, तीन लग्नांचे आकडे सांगितले. तिला ते आठवत नव्हते, निदान ती तसं म्हणाली. “शिवणाचे पैसे मी मोजते बाय, हे नाही मोजत.” मग मी जरा पुढे गेले. आत्या, तुला आम्ही काही दिलं नाही गं कधी. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “तुझा बाप ताडपत्री घेऊन छपरावर चढला होता भर पावसात, ते लिहिलंय का तुझ्या वहीत?”

नाही लिहिलेलं. हे तिचं बरोबर आहे, आणि मी इतका वेळ रकान्यांत जे बसतं तेवढंच मोजत होते. भाऊबीजेची साडी, आठ दिवसांचे डबे, आजारपणात रात्री जागलेली माणसं. वाडीत राहणाऱ्याला हे सगळं मिळतं आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्याला पाकिटही मिळत नाही आणि ताडपत्रीही. पण तरी माझं मन त्या उत्तरावर थांबत नाही. ताडपत्रीने एक पावसाळा निभावला, पतसंस्थेचे हप्ते ती दोन वर्षं भरत होती, व्याजासकट. श्रम घेताना तिला संकोच वाटला नाही, कारण श्रमाची देवाणघेवाण वाडीत रोजची आहे. पैसे घेताना वाटला असता, कारण तिच्यासाठी पैशाला रीत नाही.

मी विचारलं, समजा आता दिले तर? मशीनला मोटर बसवायची म्हणत होतीस.

“कशाबद्दल?” आत्या म्हणाली.

मला काही सुचलं नाही. सगळं त्या ‘कशाबद्दल’पाशी येऊन थांबतं. पाकिटावर काहीतरी लिहावं लागतं. शुभविवाह छापलेलं पाकीट मिळतं, बारशाचं मिळतं. मोटरचं मिळत नाही. मी घरी येऊन आजीला सांगितलं. आजीने खूप वेळ विचार केला आणि म्हणाली, तिला साठावं लागेल ना यंदा की पुढल्या वर्षी? साठी करू. बाबा म्हणाले, ती नको म्हणेल. आजी म्हणाली, तिला विचारतो कोण? मांडव आपण घालायचा, वही आपण ठेवायची. अजून पत्रिकेतलं साल कुणाला सापडलेलं नाही, त्यामुळे नक्की कधी ते ठरत नाहीये. घरात दोन मतं आहेत. काकी म्हणते, लोक काय म्हणतील, हिची साठी करून आता हे आहेर गोळा करायला बसले. मला वाटतं लोक थोडे दिवस म्हणतील आणि पाकीट घेऊन येतील. ज्यांच्या ज्यांच्या वहीत तिचं नाव आहे, ते तरी येतीलच.

शॉवर झाला, तो छान झाला, हेही सांगायला हवं. फुगे होते, केक होता, नवरी रडली. सहावी मैत्रीण आली नाही. लग्नात मात्र आली, साडी नेसून, पहिल्या पंगतीला वाढायला उभी राहिली. नंतर मी नवरीच्या घरी गेले तेव्हा तिची आई वही पुरी करत बसली होती. तिने नावं वाचायला सांगितली म्हणून मी वाचत होते. आमची पाच जणींची नावं त्यात नव्हतीच. आमची भेट वस्तूत गेली होती, एक मोठी ट्रॉलीबॅग, ‘मैत्रिणी’ एवढंच लिहून. त्याच्या दोन ओळी खाली तिचं नाव होतं. गाव मिरजोळे, रोख २०१.

या मे महिन्यात तिचं स्वतःचं लग्न आहे. परवा आमच्यातल्या एकीने नवा ग्रुप काढला आणि पोल टाकला. १०००, १५००, २०००. मी लिहिलं, यावेळी ज्याने त्याने आपापलं पाकीट नेऊ, शॉवरऐवजी आपापल्या घरी केळवणाला बोलावू. दोघींनी अंगठा दिला. तिसरीने विचारलं, “मग फोटो कसे काढायचे?” चौथीने अजून वाचलेलं नाही.